लोखंड्याला मारलेली लाथ

भुवनेश्वर रहांगडालेने रोबोटचा पिक्चर काढला तो कलेची सेवा करावी म्हणून नव्हे. त्याला योगेश्वरीशी लग्न करायचं होतं.

तिरोड्यात त्याचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. त्याच्या सीडीत नवरी कमळातून उगवायची आणि नवरदेव बदामातून, त्यामुळे आसपासच्या गावांत त्याला चांगली मागणी होती. पण कोहमाऱ्याच्या एका लग्नात त्याचा कॅमेरा घसरला. सीडी लावल्यावर मंडळींच्या ध्यानात आलं, की नवरीपेक्षा तिची चुलत बहीण योगेश्वरीच जास्त वेळा कमळातून उगवली आहे. खुद्द योगेश्वरीला त्यात वावगं काही दिसलं नाही. "माह्या उजवा गाल चांगला येते, पुढच्या खेपेस तिकून घेजा," असं तिने दुकानात फोन करून कळवलं. तिच्या बापाला मात्र सगळं वावगंच दिसलं.

बाप म्हणजे केशोराव बिसेन. कोहमाऱ्याच्या चौफुलीवर त्यांचा ढाबा होता, ढाब्यात टीव्ही होता, आणि ट्रकवाल्यांच्या फर्माइशीने त्या टीव्हीवर दिवसभर मारामारीचे पिक्चर चालायचे. केशोरावांनी ते इतके पाहिले होते, की भाजीत मीठ कमी आहे हे जसं वासावरून सांगावं तसं हिरोची उडी खोटी आहे हे ते गल्ल्यावर बसून सांगत. भुवनेश्वर भीतभीत त्यांच्यासमोर जाऊन बसला. त्यांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "लगनात लाइट धरून फिरनाऱ्या पोट्ट्याले मी पोरगी कायले देऊ?"

"मी डायरेक्टर आहो जी," भुवनेश्वरच्या तोंडून निघून गेलं.

"कोनता पिक्चर काढला?"

समोर टीव्हीवर एक रोबोट पूल उखडत होता. "रोबोटचाच काढून राहिलो," भुवनेश्वर म्हणाला. "बिग बजेट. आमच्या गावच्या मंडईले दाखवतो. तुमी याच."

"येतो," केशोराव म्हणाले. "पिक्चर पाहूनच काय ते बोलू."

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! दिवाळी तोंडावर आलेली, दिवाळीमागून लगेच मंडईची जत्रा, आणि रोबोटचा अजून खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. भुवनेश्वर तडक मामाकडे गेला.

बजेट म्हणजे मामा. धनेंद्र मामाची गावात राईस मिल होती, आणि भाच्याने तोंड उघडलं की मामाने खिसा उघडायचा, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. रिवाज तेवढ्यावर थांबत नाही. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा पाळण्यात का असेना, मिशीवाला मामा त्याच्यापुढे वाकतो, आणि चुकून त्याला पाय लागला तर दोन्ही कान पकडतो. धनेंद्र मामा तर देवळातून येता येता भाचा दिसला तरी परत एकदा चप्पल काढणाऱ्यातला. त्याने मिल बंद ठेवून गोदाम शूटिंगला दिलं आणि एकच अट घातली, "हिरो मीच."

पिक्चरचं नाव ठरलं 'लोखंड्या'. धान साठवायची पत्र्याची कोठी हे लोखंड्याचं धड, फवारणीचा पंप त्याची पाठ, ट्रॅक्टरचे इंडिकेटर हे डोळे. आत शिरायला मिलमधला बिसराम हमाल तयार झाला होता, पण कोठीत मागच्या हंगामाचे किडे शिल्लक निघाले. पहिल्याच शॉटमध्ये लोखंड्या स्वतःला गदागदा खाजवत तळ्याकडे पळाला. "मी पोतं उचलीन, पन किड्यात जानार नाही," म्हणून बिसरामने हात जोडले. त्या कोठीत मावेल असा दुसरा गडी मिळेना. शेवटी डायरेक्टरनेच कॅमेरा तिपाईवर लावला, बटण दाबलं आणि स्वतः कोठीत शिरला.

शूटिंग मात्र झोकात झालं, हे कबूल करावंच लागेल. सालेकशाच्या जंगलात लोखंड्या झाडांतून बाहेर आला नि नेमकी त्याच वेळी मागून रेल्वे गेली. काय सीन! तसा सीन पैसे टाकून मिळत नाही. आता खिडकीतल्या लोकांनी लोखंड्याला टाटा केला, त्याला कोण काय करणार? मामाने एका शॉटसाठी जेसीबी आणला आणि लोखंड्याने तो एका बोटाने थांबवला. लोखंड्याच्या छातीतून गोळ्या सुटायला हव्या होत्या, पण भुवनेश्वरच्या कॉम्प्युटरमध्ये लग्नाचीच सामग्री होती. म्हणून गोळ्यांऐवजी गुलाबाच्या पाकळ्या सुटल्या, आणि पाकळी लागली की समोरचा माणूस मरून पडायचा. भुवनेश्वरला ते विशेष खटकलं नाही. त्याला सगळीकडे योगेश्वरीच दिसत होती.

घोड्याने पेंड खाल्ली ती शेवटच्या मारामारीत. हिरोने लोखंड्याला छातीत लाथ घालून लोळवायचं होतं.

"लात?" मामा म्हणाला. "भाश्याले लात मारू? नरकात पाठवतो का मले?"

"मामाजी, मी भासा नाही. मी रोबोट आहो."

"आत कोन आहे?"

"मीच आहो, पन—"

"मंग?"

मामा बुक्की मारायला कसाबसा राजी झाला, पण प्रत्येक बुक्कीनंतर वाकून लोखंड्याच्या पायांना हात लावू लागला. तो नमस्कार कापावा तर मारामारीच उरेना. भुवनेश्वर रडकुंडीला आला. दोन बुक्क्यांची मारामारी पाहून केशोराव चहासुद्धा न घेता उठून जातील, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

अखेर त्याने कोठीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून डोकं बसवलं आणि लोखंड्याला दारापाशी उभं केलं. मामाने डोकं काढून आत वाकून पाहिलं. हात घालून तणस उपसली, परत भरली, डोकं बसवलं. मग भाचा कॅमेऱ्याजवळ उभा आहे याची खात्री करून त्याने अशी लाथ हाणली, की लोखंड्या गोदामाच्या दारातून बाहेर जाऊन पडला. भुवनेश्वरने आधीचं आणि नंतरचं सगळं कापलं आणि मधली लाथ तेवढी ठेवली.

मंडईच्या दिवशी सकाळपासून गाव माणसांनी फुललं. जिलबीची दुकानं लागली, सोयरेधायरे आले. दुपारी गोदामाच्या दारांना ताडपत्र्या लावून अंधार केला आणि पडद्यावर 'लोखंड्या' सुरू झाला. सगळ्यात पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर केशोराव, बायांच्या बाजूला योगेश्वरी आणि तिच्या शेजारी भुवनेश्वरची आई सुलोचनाबाई. भुवनेश्वर मागे मशीनजवळ उभा होता, पण पिक्चर पाहत नव्हता. तो केशोरावांची पाठ पाहत होता.

पाठ आधी खुर्चीला रेलून होती. रेल्वे आली तेव्हा ती सरळ झाली. पाकळ्या सुटल्या तेव्हा परत रेलली. "मारून राहिला का ववाळून राहिला?" असं केशोराव शेजाऱ्याला म्हणाले आणि लोक फिदीफिदी हसले. "यात कॉमेडीवाला काऊन नाही जी?" कोणीतरी मागून विचारलं. "हिरोच आहे नं," दुसऱ्याने उत्तर दिलं.

मग शेवटची मारामारी आली. बुक्क्या झाल्या. आणि मामाची लाथ! पत्रा असा वाजला, की पुढची पोरं दचकली. केशोराव खुर्चीच्या टोकावर आले. "वा रे!" ते मोठ्याने म्हणाले, आणि भुवनेश्वरला मांडव दिसू लागला.

"धनेंद्र!"

सुलोचनाबाई उभ्या राहिल्या होत्या. "माह्या पोराले लात मारलीस?"

आतला गडी कोण हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. क्षणात गलका झाला. "भाश्याले लात! राम राम राम!" म्हाताऱ्या बाया तोंडावर पदर धरून मामाकडे बघू लागल्या. मामा उठला. "अक्का, त्यात तनस होती. तुही आन—"

"मी आंधळी आहो का? चालत होता, बोलत होता, मंग लात मारलीस. आजपासून तू माह्या भाऊ नाही."

धनेंद्र मामाने भाच्याकडे पाहिलं. एवढा मिल चालवणारा माणूस, पण त्याची मिशी थरथरत होती. भुवनेश्वरला मनापासून लाज वाटली. ती लाथ खोटी आहे असं सांगावं, तर पिक्चरमधली एकच जमलेली गोष्ट केशोरावांसमोर फुकट जात होती. न सांगावं, तर मामा जात होता. त्याने एकदा योगेश्वरीकडे पाहिलं. ती त्याच्यावर डोळे वटारून मामाकडे बोट दाखवत होती.

"थांबा जी," भुवनेश्वर ओरडला. "कापलेलं सगळं दाखवतो."

त्याने कॉम्प्युटरमधून मूळ शूटिंग लावलं. पडद्यावर मामाने लोखंड्याचं डोकं काढलं. आत तोंड खुपसलं. तणस उपसली, परत भरली. "बाबू, तू तिथंच आहेस नं?" असं तीनदा विचारलं. मग लाथ मारली, आणि लोखंड्या बाहेर जाऊन पडल्यावर हिरो चप्पल काढून त्याच्यामागे धावला, दोन्ही कान पकडले आणि त्या तणशीच्या पाया पडला. वर डोळे मिटून म्हणाला, "चूक झाली असन तं माफ करजो, बाबू. पिक्चरसाठी मारली."

गोदाम हसून हसून लोळलं. सुलोचनाबाई हसल्या, मग रडल्या, मग भावाच्या पाठीत एक धपका घालून त्याच्याजवळ जाऊन बसल्या. "वन्स मोर!" लोक ओरडू लागले. मामाचा तो नमस्कार परत परत लावावा लागला, आणि दर खेपेला शिट्ट्या वाढत गेल्या.

केशोराव एकटेच हसत नव्हते. ताडपत्र्या निघाल्या, उजेड आला, तेव्हा ते उठून मशीनजवळ आले. मागून योगेश्वरीही आली.

"पिक्चर खराब आहे," ते म्हणाले. "रोबोट चालते बिमार बैलासारखा. गोळ्या गुलाबाच्या. हिरोच्या आधी हिरोचं पोट येते. रेल्वे चांगली होती, पन ते तुही नव्हती."

"हो जी," भुवनेश्वर म्हणाला.

"लात पन तनशीले."

"हो जी."

केशोराव पडद्याकडे बघत राहिले. मामा तिथे अजून वाकलेलाच होता.

"मोठ्या पोरीच्या येळी मी शेती पाहिली, घर पाहिलं, बैल पाहिले," ते हळूच म्हणाले. "पोरगी वर्षाच्या आत मार खाऊन वापस आली. त्या घरात कोनाचा पाय कोनावर उठते, हे पाहाचं मले सुचलंच नाही." मग ते भुवनेश्वरकडे वळले. "तुह्या मामाले बोलाव. तारीख धरू."