विद्युलताबाईंची खाकी कव्हरं

विद्युलताबाईंच्या ग्रंथालयात पुस्तक फाटत नसे, मळत नसे आणि खरं सांगायचं तर वाचलंही जात नसे. चेन्नईजवळच्या तांबरमच्या त्या शाळेत पुस्तक आलं रे आलं, की बाई त्याला खाकी कागदाचं कव्हर घालत, पाठीवर नंबर चिकटवत आणि मगच कपाटात ठेवत. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण २००४च्या त्या जुलैत मुख्याध्यापक कृष्णस्वामींनी निर्वाणीचं सांगितलं. "वाचनाच्या तासाला मुलं पेंगतात, मिस. शुक्रवारी मी स्वतः बघायला येतो. हेच दिसलं, तर तो तास गणिताला." गणित ते स्वतःच शिकवत. तास गेला तर त्या नुसत्या कपाटांच्या राखणदार उरणार होत्या.

त्याच आठवड्यात टी. नगरला शालेय ग्रंथपालांचं शिबिर होतं. मुलांना आवडेल असं एक पुस्तक आणा आणि ते रंगवून सांगा, असा निरोप आला होता. बाईंनी गाडी गाठायच्या गडबडीत कपाटातून हत्तीच्या पिल्लाची गोष्ट ओढली आणि पिशवीत टाकली.

शिबिर घेणाऱ्या कमलिनी कोल्हापूरच्या. तंजावरी मराठी घरातल्या विद्युलताबाई भेटल्यामुळे त्या भलत्याच खुशीत होत्या. "या ताई, पहिला मान तुमचा!"

बाई उभ्या राहिल्या. "आता एका लबाड हत्तीची गंमत ऐका," म्हणत त्यांनी पुस्तक उघडलं. खाकी कव्हराच्या आत कोंबड्यांच्या जुलाबावरचे उपाय होते.

"अय्यो!" बाईंच्या तोंडून निघालं आणि सगळी खोली हसून लोटपोट झाली. बाईसुद्धा डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या.

"ताई," कमलिनी डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्हालाच ओळखू आलं नाही, तर मुलांनी काय बघून निवडायचं?"

परतीच्या गाडीत बाईंना ते वाक्य काही सोडेना.

शुक्रवारी वाचनाच्या तासाला त्यांनी सगळी कपाटं उघडली. "काढा ती कव्हरं!"

मुलांना आधी खरंच वाटेना. मग जो काही फराफरा आवाज सुरू झाला! वाघ निघाला, अंतराळयान निघालं, मिशाळ दरोडेखोर निघाला. ज्याला जे भावलं, ते घेऊन तो तिथंच फतकल मारून बसला.

कृष्णस्वामी आले तेव्हा जमिनीवर कागदांचा खच पडला होता. "मिस, हे काय चाललंय?" एकाही मुलानं मान वर केली नाही. बाईंनी बोलणी खायची तयारी केली. पण सरांची नजर टेबलावरच्या एका पुस्तकावरल्या वाफेच्या इंजिनाच्या चित्रावर अडकली होती.

"हे आपल्याकडे होतं?"

"मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून, सार."

त्यांनी ते उभ्याउभ्याच चाळलं, मग हळूच मुलांच्या बुटक्या स्टुलावर टेकले.

घंटा झाली. पुढचा तास त्यांचाच होता. हरिणी नावाची हुशार मुलगी नाखुशीनं पुस्तक मिटून उठली. "सार, आता गणित ना?"

"बस खाली," पान उलटत सर म्हणाले. "इंजिन पुलावर आलंय."

बाई लगबगीनं वाकून खाकी कागद गोळा करू लागल्या. हसू लपवायला दुसरी जागाच नव्हती.