साट्यालोट्यातली काठी

मी एक जुनी काठी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. म्हशींमागे फिरणारी नव्हे की गुरुजींच्या टेबलावरची नव्हे. मी लष्करी बँडमधल्या मोठ्या ड्रमची काठी आहे. माझ्या टोकाला मोसंब्याएवढा नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, गोळा आहे, आणि त्या गोळ्याने मी शेकडो सैनिकांची पावलं एका तालात चालवलेली आहेत. गेली बत्तीस वर्षं मी कामशेतच्या बाजारपेठेत राहते आणि गेली बत्तीस वर्षं मी वैतागलेली आहे.

वैतागाचं कारण नीट समजून घ्या. मोठा ड्रम छातीवर बांधतात आणि दोन्ही बाजूंनी वाजवतात. म्हणजे काठ्या दोन लागतात, आणि त्या जोडीच्या असाव्या लागतात. माझी जोडी मोडलेली आहे. ती उंदराने कुरतडली नाही की पावसात कुजली नाही. दोन शहाण्या माणसांनी ती हसत हसत मोडली आणि वर त्याला मैत्री म्हणाले.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. देशाचं नाव सांगत नाही. माहेरचा विषय निघाला की मी बोलत सुटते. एकाच फळीतून आम्ही दोघी जुळ्या बहिणी निघालो. सुताराने आम्हाला तराजूत घातलं, तेव्हा काटा जरासुद्धा हलला नाही. तिथल्या लष्करी बँडमधल्या एका धिप्पाड सार्जंटने आम्हाला घेतलं. तो रोज आम्हाला मऊ फडक्याने पुसायचा आणि मखमलीच्या पेटीत शेजारी शेजारी ठेवायचा. मला वाटलं, जन्म असाच जाणार.

मग एकदा त्या देशाच्या आणि भारताच्या सैन्याची एकत्र कवायत ठरली. देशांची मैत्री असली की असं करतात. दिवसा सैनिक डोंगर चढतात आणि शेवटच्या दिवशी दोन्ही देशांचे बँड एकत्र वाजतात. आम्ही विमानातून पुण्याला आलो. तिथे भारताच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायला कामशेतचे चाँदभाई होते. त्यांच्या काठ्या शिसवाच्या होत्या, त्यांच्या मामाने घरी घडवलेल्या. चाँदभाई आणि सार्जंट यांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण दहा दिवस दोघं जेवायलासुद्धा एकत्र बसायचे.

शेवटच्या दिवशी साहेब लोकांनी एकमेकांना ढाली दिल्या, फलक दिले, शाली दिल्या. बँडवाल्यांना कुणी काही दिलं नाही. तेव्हा आमच्या सार्जंटला कुठून अवदसा आठवली कोण जाणे. त्याने पेटी उघडली, मला उचललं आणि चाँदभाईंच्या हातात ठेवलं. चाँदभाईंचे डोळे भरून आले. त्यांनीही आपली एक शिसवी काठी सार्जंटला दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हा चौघींना कुणी विचारलं नाही.

पूर्वी खेड्यांत दोन घरांच्या मुलींची अशी अदलाबदल व्हायची. तुमची लेक आमच्या घरी, आमची लेक तुमच्या घरी. त्याला साटंलोटं म्हणतात. माझं साटंलोटं झालं ते असं, उभ्याउभ्या, अक्षतासुद्धा न पडता.

सासरी माझ्या वाट्याला आली ती मागे उरलेली शिसवी. आम्ही दोघी म्हणजे एका घरातल्या जावा. ती काळी, ठेंगणी आणि दगडासारखी जड. मी गोरी, लांब आणि हलकी. ती ड्रमवर पडली की ‘धम्म’, मी पडले की ‘धुम’. ती मला म्हणायची, “तुझ्या अंगात जीवच न्हाई.” मी तिला म्हणायचे, “तुझ्या अंगात ताल नाही.” बत्तीस वर्षांत एक दिवस आम्ही न भांडता काढला असेल तर शपथ.

त्याच वर्षी चाँदभाई लष्करातून निवृत्त झाले आणि त्यांनी कामशेतला बँडचं दुकान टाकलं. डावीकडे तांदळाची वखार, उजवीकडे न्हाव्याचं दुकान. आम्ही उर्से गावच्या वराती वाजवल्या, पवनानगरची लग्नं वाजवली. राष्ट्राध्यक्षांसमोर वाजलेली मी, घोड्यावर बसून पेंगणाऱ्या नवरदेवांसमोर वाजू लागले. आणि जिथे जाऊ तिथे कुणीतरी शहाणा विचारायचाच, “चाँदभाई, या दोन काठ्या दोन तऱ्हेच्या का हो? एक जोड घ्या की चांगला.” चाँदभाई हसायचे. मी मनातल्या मनात दात-ओठ खायचे.

हाल म्हणाल तर विचारू नका. चाँदभाईंची बायको नूर मला खिडकीला अडसर म्हणून लावायची. मावळातल्या पावसात माझ्या नमद्याला बुरशी आली, तेव्हा चाँदभाईंनी खंडाळ्याच्या घोडेवाल्याकडून खोगिराखालचा नमदा आणून माझं डोकं नवीन केलं. दोन वर्षं मला घोड्याचा वास येत होता. मूठ झिजली, तर तिला सायकलची ट्यूब गुंडाळली. मखमलीत वाढलेली मी. पण सांगणार कुणाला?

मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या बहिणीशेजारी एकदा पडायचं होतं. तराजूचा काटा न हलवता.

एका बाबतीत मात्र चाँदभाईंनी डोकं लढवलं होतं. त्यांची नात गुलनाज नववीत आहे. तिच्या शाळेत चाळीस मुलींचा बँड आहे आणि त्यात मोठा ड्रम गुलनाज वाजवते. चाँदभाई मुलींना संचलन शिकवायला जायचे. मुलींचं डावं-उजवं चुकायचं. तेव्हा त्यांनी शिसवीला गुलनाजच्या डाव्या हातात दिलं आणि मला उजव्या. “पोरींनो, खाली बगू नका. कान द्या. जड वाजलं की डावा पाय, हलकं वाजलं की उजवा. लय सोपं हाय.” आठ दिवसांत चाळीस मुली रेघ मारल्यासारख्या चालायला लागल्या. चाँदभाईंचं कौतुक झालं. आमचं नाव कुणी काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी शाळेच्या सारिकाबाई दुकानात आल्या.

“चाँदभाई, तुमच्या त्या मित्रदेशाचा बँड पुन्हा कवायतीला आलाय. लोणावळ्याच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम आहे आणि त्यांच्या पुढे आपल्या मुली चालणार आहेत.”

चाँदभाई उठूनच उभे राहिले. “त्यो सार्जंट आलाय का, बाई?”

“ते आता फार थकलेत. त्यांची मुलगी आना आलीये, तीच ड्रम वाजवते. तिचा निरोप आहे. तुमची शिसवी काठी ती परत आणतेय. वडिलांनी सांगितलंय, ज्याची जोडी त्याला पुरी करून दे. आणि त्यांची काठी तिला घरी न्यायची आहे.”

मित्रांनो, मी खुंटीवर होते म्हणून, नाहीतर खालीच पडले असते. बत्तीस वर्षांनी माहेरचं बोलावणं आलं होतं. मला वाटलं, सुटले एकदाची.

कार्यक्रमाच्या सकाळी आम्ही मुलींबरोबर टेम्पोतून लोणावळ्याला गेलो. आना उंच होती, बापासारखीच. तिने पेटी उघडली. आत माझी बहीण होती आणि तिच्याशेजारी शिसवीची बहीण. चाँदभाईंनी मला दोन्ही हातांनी पुढे केलं.

“ज्याची लेक त्याच्या घरी. बरुबर हाय,” ते म्हणाले. माझ्या मुठीवरच्या ट्यूबवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. मी मागे वळून पाहिलं नाही.

बहिणीशेजारी गेले. ती मला न्याहाळून म्हणाली, “अगं, किती जाड झालीस तू.” तिचंही काही जुनं उरलं नव्हतं. डोक्यावर पांढराशुभ्र कारखान्यातला नमदा, मुठीला चामडं. आनाने ड्रम बांधला आणि आम्हाला वाजवलं. बहीण वाजली ‘टुम’. मी वाजले ‘भद्द’. आनाने भुवई उंचावली. तिने हात बदलून पाहिले. पुन्हा तेच. एका फळीच्या आम्ही, एका काट्यावर तोललेल्या, आणि आमचा एक ठोका दुसऱ्याला ओळखेना. मला माझाच संताप आला. ज्या दिवसासाठी बत्तीस वर्षं कुढले, त्या दिवशी मी बहिणीशेजारी परक्यासारखी वाजत होते. आणि खरं सांगते, दुसऱ्या बाजूने ‘धम्म’ ऐकू येत नव्हता म्हणून मला चुकल्यासारखं होत होतं.

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडे गोंधळ झाला. गुलनाजच्या हातांत दोन्ही शिसवी काठ्या होत्या, अगदी सख्ख्या, अगदी जोडीच्या. धम्म, धम्म, धम्म, धम्म. पुढच्या रांगेने डावा टाकला, मधलीने उजवा. मागच्या मुली थांबून बुटांकडे बघायला लागल्या. झेंडा घेतलेली तेजल वळली आणि झेंड्याची काठी बासरीवालीच्या डोक्यात बसली.

“महिनाभर नीट चालत होतात. आज काय झालं तुम्हाला?” सारिकाबाई वैतागल्या.

“बाई, दोन्ही सारखंच वाजतंय. डावा कुठला तेच कळत नाही,” तेजल म्हणाली.

चाँदभाई लगबगीने गेले. “गुलनाज, डाव्या हाताला जोर दे.”

“देतेय, नाना. हाताला सवयच नाही. जोर तर तुमची काठी देते ना?”

त्यांनी अजून दोनदा चालून पाहिलं. दोन्ही वेळा चाळीस मुलींच्या चाळीस तऱ्हा. गुलनाजच्या डोळ्यांत पाणी आलं. चाँदभाई मैदानाच्या कडेला मटकन खाली बसले. “माजीच चूक. पोरीच्या हाताला शिकवायचं ते म्या काठ्यांवर ढकललं. आता दोन तासांत काय व्हनार?”

व्यासपीठावर माईकवाला ‘हॅलो, हॅलो’ करत होता. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. आणि गुलनाज छातीवर ड्रम घेऊन, तशीच, सगळं मैदान ओलांडून आनासमोर आली.

“बाई, तिला सांगा. माझी काठी मला पाहिजे. आजच्यापुरती तरी.”

सारिकाबाईंनी सांगितलं. आनाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बहिणीकडे. आणि इंग्रजीत बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. सारिकाबाई ऐकत राहिल्या आणि मग चाँदभाईंकडे वळल्या.

“ती म्हणते, तिला पण ही जोडी वाजवता येत नाहीये. तिचे वडील तुमच्या शिसवी काठीनेच वाजवायचे आणि ती त्याच आवाजावर चालायला शिकली. लहानपणी तिला वाटायचं, जगातल्या सगळ्या ड्रमचं एक पाऊल जडच असतं.”

चाँदभाई उठले. त्यांनी नातीच्या हातातली एक शिसवी काठी घेतली, माझ्या माहेरी नांदून आलेली, आणि आनाला दिली. आनाने मला गुलनाजच्या उजव्या हातात दिलं. मग आनाने वडिलांचं नाव घेऊन काहीतरी विचारलं. बापाला काय सांगू, असं विचारत होती.

“सांगा म्हनावं, आमचं साटंलोटं मोडलं न्हाई.”

सारिकाबाईंना त्याचं इंग्रजी करायला चांगली पाच मिनिटं लागली. शेवटी आना इतकी हसली की तिची टोपी खाली पडली.

दुपारी कार्यक्रम झाला. पाहुण्या बँडला भगवे फेटे बांधले, मग त्यावर त्यांच्या उंच टोप्या बसेनात, मग फेटे सोडण्यात अर्धा तास गेला. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की दोन देश एका जोडीसारखे तंतोतंत असले पाहिजेत. मी गुलनाजच्या हातात चडफडत ऐकत होते. या माणसाला कुणी ड्रमजवळ उभं केलं नसावं.

मग धम्म. मग धुम. डावा, उजवा. चाळीस मुली निघाल्या आणि एकही पाऊल चुकलं नाही. आमच्या मागून आनाचा ड्रम आला. त्यातही एक ठोका जड, एक हलका. तिथे माझी बहीण आणि शिसवीची बहीण भांडत असणार, मला आवाजावरून कळलं. दोन देशांचे बँड एका पावलावर चालले. खुर्चीत बसलेल्या चाँदभाईंची डावी टाच आपोआप खाली-वर होत होती.

“तुझ्या अंगात जीवच न्हाई,” शिसवी म्हणाली.

“तुझ्या अंगात ताल नाही,” मी म्हणाले. मला फार बरं वाटलं.

तर मित्रांनो, आता मी पुन्हा कामशेतला खुंटीवर आहे. गुलनाज रोज संध्याकाळी डाव्या हाताला जोर द्यायला शिकते आहे. चाँदभाईंनी तिला सोडलेलं नाही आणि ते योग्यच आहे. मी काही जन्माला पुरणार नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आम्हाला ओलीत ठेवू नका. आम्हाला लावून खिडक्या अडवू नका. आणि कुठे दोन वेगळ्या काठ्या एका ड्रमवर दिसल्या, तर बाजूला काढून त्यांना जोडी लावून देण्याची घाई करू नका. आधी एकदा वाजवून बघा.

आतून नूर येते आहे. वारा सुटलाय आणि खिडकी आपटते आहे. मला माहीत आहे, आता ती कुणाला उचलणार ते.