जांभळं टिंब

कवळीवाल्यांचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. माणूस दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायचा, प्लास्टरच्या साच्यांवर मेण चढवून त्यात एकेक दात बसवायचा, आणि संध्याकाळी स्वतःचे अस्सल बत्तीस दाखवत गप्पा मारायचा. 'हसतील त्याचे दात दिसतील' असं दुकानाच्या पाटीवर रंगवून घ्यायचं त्यांच्या मनात होतं, पण बायकोने तो बेत हाणून पाडला. चौघांच्या वाचनबैठकीत त्यांना घेतलं तेही या हसण्यासाठी, वाचनासाठी नव्हे. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याचं वाईट वाटून घेणाऱ्यांतले ते नव्हते. बैठकीला हसणाराही एक लागतोच.

बैठक भरायची टेलरमास्तरांच्या दुकानात, सुट्टीच्या सकाळी, कापड बेतायच्या लांब टेबलाभोवती. पुस्तक वकीलसाहेबांचं असायचं. या खेपेचं पुस्तक मोठं गमतीचं होतं. एक लेखक आपल्या बायकोला घेऊन, कुरकुरणाऱ्या जुन्या गाडीतून अमेरिकेच्या एकूण एक राष्ट्राध्यक्षांची घरं, थडगी आणि संग्रहालयं पाहत हिंडतो. इतिहास सांगता सांगता तो मोठ्यांची टोपी उडवतो, स्वतःची तर जास्तच. प्रत एक आणि वाचणारे चार, म्हणून ती हातोहात फिरायची. त्यांचा एक नियम होता. वाचताना जिथे हसू येईल तिथे समासात एक टिंब द्यायचं. वकीलसाहेबांचं लाल, मास्तरांचं निळं, सिस्टरांचं हिरवं. कवळीवाल्यांचं जांभळं, कारण साच्यावर खुणा करायची जांभळी पेन्सिल त्यांच्या कानावर कायमचीच असे. सगळ्यांचं वाचून झालं की बैठकीत टिंबांची पानं उघडायची आणि ज्याचं टिंब त्याने तो मजकूर मोठ्याने वाचायचा.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा तापाने गेला, त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्याच वॉर्डात. तेव्हापासून त्या बैठकीला येत, ऐकत, मान हलवत, पण समासात हिरवं टिंब कधी उमटत नसे. त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही, हाही एक नियमच होता, न ठरवता पडलेला.

पुस्तक कवळीवाल्यांकडे आलं तेव्हा त्यांनी सर्वांत आधी दातांचं प्रकरण काढलं. पहिल्या राष्ट्राध्यक्षाची कवळी लाकडाची होती असं जग म्हणतं, आणि हा लेखक काचेच्या पेटीला नाक लावून पाहतो तर ती पाणघोड्याच्या दातांची, माणसांच्या दातांची, शिवाय स्प्रिंगा लावलेली. कवळीवाल्यांनी ते तीनदा वाचलं. मग रस्त्यात भेटलेल्या वकीलसाहेबांना उभ्या उभ्या समजावलं की असली कवळी तोंडात धरायची तर ओठ आवळूनच बसावं लागणार, म्हणून तर तसबिरीत तो गृहस्थ रुसल्यासारखा दिसतो. वकीलसाहेब खूष झाले. म्हणाले, या वेळी सगळ्यात जास्त टिंबं तुमचीच असणार, तुमच्याशिवाय बैठकीला मजा नाही.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. कवळ्यांची कामं अंगावर आली, दंतवैद्यांचे निरोपावर निरोप, आणि पुस्तक तसंच राहिलं. सिस्टरांकडे पाठवायचा दिवस उजाडला तेव्हा दातांच्या प्रकरणाबाहेरचं एकही पान त्यांनी वाचलेलं नव्हतं. 'वाचून झालं नाही' एवढे तीन शब्द म्हणायला काय जात होतं? पण स्तुती माणसाला असली साधी वाक्यं बोलू देत नाही. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि टिंबं देत सुटले. तेही मोठ्या कसबाने. एका पानावर दोन, मग तीन पानं कोरी, मग एक ठळक. खोटे दात अगदी ओळीत बसवले की खोटे दिसतात, एखादा थोडा वाकडा लावावा लागतो, हे त्यांच्या धंद्यातलं शहाणपण त्यांनी पुस्तकाला लावलं. बायको म्हणाली, "अहो, हसायचं तर आधी वाचावं लागतं." त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

बैठकीच्या दिवशी सिस्टरांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. वकीलसाहेबांनी चाळलं आणि चमकून सिस्टरांकडे पाहिलं, पण मग काही पानं न उघडताच ओलांडत गेले. लाल झालं, निळं झालं, दातांचं पान कवळीवाल्यांनी पुस्तकाकडे न बघता पाठच म्हटलं, दुकान हसून दणाणलं. मग पुस्तक शेवटाकडे आलं. त्या पानावर एकच टिंब होतं, ठळक जांभळं.

"कवळीवाले, हे तुमचं. वाचा."

कवळीवाल्यांनी घसा साफ केला. प्रकरण एका घुम्या राष्ट्राध्यक्षाचं होतं. सुरुवात गमतीचीच होती. हा माणूस इतका कमी बोलायचा, की लेखकाला त्याच्या थडग्यापाशीही काही फरक जाणवला नाही. सगळे हसले. कवळीवाल्यांना जोर आला. टिंब अजून पुढे होतं, तिथे खरी गंमत असणार, म्हणून त्यांनी आधीच आवाजात हसू भरायला घेतलं. आपण हसलो की लोक हसतात, हा त्यांचा अनुभव होता. "बाजूला आणखी एक छोटा दगड आहे," त्यांनी वाचलं. "हा त्याचा मुलगा." इथे त्यांना हसू आवरेना, निदान तसं त्यांनी दाखवलं. "पोरगा मोजे न घालता टेनिस खेळला. पायाला फोड आला, तो चिघळला..." आणि हसत हसतच ते पुढल्या ओळीवर जाऊन पडले. पोरगा सोळा वर्षांचा होता. आठवड्याभरात गेला. बापाच्या हातात अख्खा देश होता आणि बाप नुसता उशाशी बसून होता.

टिंब नेमकं त्या ओळीपुढे होतं.

मास्तरांनी टेबलावरची कात्री उचलली आणि उगाच दुसरीकडे ठेवली. कवळीवाल्यांची दातखीळ बसली. तोंडावरचं हसू कसं उतरवायचं हेच त्यांना कळेना. ते काही कवळीसारखं काढून पाण्यात टाकता येत नाही. शेवटी ते म्हणाले, "चुकून लागलं असेल."

"मलाही तसंच वाटलं," सिस्टर म्हणाल्या. "पेन्सिल टेकली असेल." त्यांनी हे इतक्या समजूतदारपणे म्हटलं की कवळीवाल्यांना टेबलाखाली जावंसं वाटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी त्यांनी उचलली पेन्सिल लावली कागदाला, आणि आता ज्या बाईचं काळीज दुखवलं तीच त्यांना सांभाळून घेत होती.

पुस्तक पुन्हा एकदा वाचतो म्हणून त्यांनी मागून घेतलं. 'पुन्हा' हा शब्दही खोटाच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाच्या टेबलावरचे साचे बाजूला सारले, पहिल्या पानापासून वाचायला बसले आणि चौथ्या पानावरच थांबले. त्यांच्या जांभळ्या टिंबाच्या शेजारी एक बारीक हिरवं टिंब होतं. त्यांनी पानं उलटली. पुढेही तेच. जिथे जिथे जांभळं, तिथे तिथे शेजारी हिरवं. एके ठिकाणी फक्त प्रकरणाचं नाव आणि लेखकाच्या गाडीत कुठे किती पेट्रोल भरलं याचा मजकूर होता, तिथेही त्यांनी टिंब ठोकलं होतं. त्याच्याशेजारीही हिरवं होतं. वकीलसाहेब का चमकले आणि ती पानं का ओलांडली ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. सिस्टर हसल्या असं वकीलसाहेबांनी धरलं होतं, आणि त्याबद्दल बोलायचं नाही हा नियमही पाळला होता. फक्त त्या एका पानावर जांभळं टिंब एकटं होतं.

शरमेने माणसाची अक्कल जाते. निदान ते एक टिंब तरी पुसावं म्हणून त्यांनी रबर घासलं. ते जाईना, तेव्हा बोट जिभेला लावून कागदावर चोळलं. सारा जन्म ती पेन्सिल वापरलेला माणूस! ओल लागली की ती शाईसारखी पसरते, ओल्या साच्यावर रेघ ठसठशीत उमटावी म्हणून तर ती कानावर ठेवायची. बघता बघता टिंबाचा डाग झाला आणि तो पोराच्या वयावर, बापाच्या उशाशी बसण्यावर पसरला. अक्षरं दिसत होती, पण जांभळ्यातून. कवळीवाले डोकं धरून बसले. मग त्यांनी ते पान पहिल्यांदा नीट वाचलं, आणि त्यांना रडू आलं. आपण रडतोय याचीही त्यांना लाजच वाटली, कारण तो हक्क आपला नाही असं त्यांना वाटत होतं.

पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग ते दवाखान्यात गेले. सिस्टर वॉर्डाबाहेरच्या बाकावर चादरींच्या घड्या घालत होत्या. कवळीवाल्यांनी पुस्तक उघडून तो डाग समोर धरला.

"सिस्टर, ते टिंब चुकून लागलेलं नाही. मी पुस्तक वाचलंच नव्हतं. सगळी टिंबं मनाला येतील तिथे दिली. हे पुसायला गेलो आणि असं करून ठेवलं."

सिस्टरांनी डाग पाहिला. हातातली घडी पूर्ण केली. रागावतील, उठून जातील, चार शब्द सुनावतील, याची कवळीवाल्यांनी वाटभर तयारी केली होती.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"दातांची सोडून सगळी."

"मग मी कशाला हसले?" त्या म्हणाल्या. क्षणभराने त्यांनीच दुरुस्ती केली. "हसले तरी कुठे. तुमचं टिंब दिसलं की मी ती ओळ पुनःपुन्हा वाचायची. तुम्ही दिलंय म्हणजे हसण्यासारखं असणार. मला काही सापडायचं नाही. वाटायचं, आपलंच आतलं काहीतरी कायमचं गेलंय. पण तुम्हा सगळ्यांना किती दिवस ताटकळत ठेवायचं, म्हणून मी शेजारी हिरवं देत गेले."

कवळीवाल्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, तर सिस्टरांनी दुसरी चादर पुढे केली. दोन टोकं त्यांच्या हातात दिली. घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "आता वाचलंत?"

"वाचलं. सगळं."

"कुठे हसू आलं?"

कवळीवाल्यांनी चादर ठेवून ते पान काढलं. मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय. एक राष्ट्राध्यक्ष मधली चार वर्षं हरून पुन्हा निवडून आलेला, म्हणून रांगेत त्याचे दोन पुतळे. लेखक पहिल्याला वाकून नमस्कार करतो, पुढे दुसऱ्यापाशी गोंधळतो, आणि बायको म्हणते, माणूस तोच आहे हो, मधे नुसता घरी बसला होता. समास कोरा होता. लाल, निळं, काहीच नव्हतं. इथे कवळीवाले एकटेच, कोणी ऐकत नसताना हसले होते.

सिस्टरांनी ते वाचलं नाही. नुसतं त्या जागी बोट ठेवलं.

"इथे मला आलं होतं," त्या म्हणाल्या. "मोठ्याने आलं. पण तुमचं टिंब नव्हतं, म्हणून मी दिलं नाही."