बावीस मुलांचं लेथ

लोखंड कातायचं लेथ मशीन पुण्याहून ट्रकनं निघालं, मोडनिंबला ड्रायव्हरच्या चहासाठी थांबलं आणि संध्याकाळी सोलापुरात शाळेच्या फाटकाशी येऊन उभं राहिलं. चौदा हमालांनी ते दोरखंड लावून वर्कशॉपच्या खोलीत सरकवलं. संगप्पा मास्तरांनी त्याच्या लोखंडी पाठीवरून हात फिरवला. मिलच्या मशीनशॉपमध्ये तीस वर्षं टर्नर म्हणून उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले होते, पण हाताला अजून लोखंड ओळखू येत होतं. माल चांगला होता. आता फक्त बटण दाबायचं.

बटण दाबलं. काहीच झालं नाही, कारण शाळेत थ्री फेज वीज नव्हती.

मुख्याध्यापक आबासाहेबांनी वीज मंडळाला अर्ज केला. उत्तर आलं की टेक्निकलच्या वर्गाला सरकारी मान्यता असल्याचा कागद जोडा, मग थ्री फेज देऊ. आबासाहेबांनी शिक्षण खात्याला लिहिलं. तिकडून उत्तर आलं की यंत्र चालू स्थितीत दाखवा, मग मान्यता देऊ. आबासाहेबांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून चष्मा पुसला, परत वाचली, आणि शेवटी ती एका टाचणीनं जोडून कपाटात ठेवली. एकमेकांना उत्तर दिलं तर त्यांनीच द्यावं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

संगप्पांना मात्र झोप लागेना. नववीच्या बावीस मुलांनी एक विषय सोडून टेक्निकल घेतलं होतं, तेही त्यांच्या शब्दावर. साखर पेठेत घरोघर जाऊन त्यांनीच पालकांना गळ घातली होती. चन्नम्माच्या बापानं तर तोंडावर विचारलं होतं, की पोरीनं लोखंड कापून काय करायचं? त्यावर मास्तर म्हणाले होते, "ती काय कापंल ते वर्षानं बघा की." मान्यता आली नाही तर बावीसही जणांचं वर्ष पाण्यात जाणार होतं.

आठ दिवस त्यांनी फळ्यावर लेथ काढून शिकवलं. मुलं आकृती वहीत उतरवत आणि जांभया देत. नवव्या दिवशी मास्तरांनी खडू खाली ठेवला.

"जोतीराम, ऊठ. तू मोटर."

जोतीराम वर्गात सगळ्यात दांडगा. तो कोपऱ्यात उभा राहून जागच्या जागी पळू लागला आणि तोंडानं घुंई असा आवाज काढू लागला. रामहरी आणि आणखी पाच जण एकमेकांची कंबर धरून पट्टा झाले. ते मोटरीला वळसा घालून चन्नम्मापर्यंत जात आणि परत येत. चन्नम्मा चक, लेथचा फिरता जबडा. दोन्ही हातांत जॉब म्हणून दुधी भोपळा धरून ती स्वतःभोवती गोल फिरे. आठ जण गिअर होऊन दंडात दंड अडकवून उभे राहिले, चौघे ओणवे होऊन लेथचा पाया, म्हणजे बेड, झाले. दुधीच्या दुसऱ्या टोकाला एकानं तळहाताचा टेकू दिला. उरलेला एक जण स्वयंपाकाची सुरी धरून हत्यार झाला आणि मुंगीच्या पावलानं पुढं सरकू लागला. पहिल्या दिवशी चक भोवळ येऊन बेडवर पडला. पंधराव्या दिवशी दुधीची साल एका सलग रिबिनीत उतरली, आणि मास्तरांनी कॅलिपर लावून सांगितलं की अर्ध्या सुताचा फरक आहे, उद्या सुधारा.

महिनाभर आबासाहेबांच्या घरी दुधीची भाजी झाली.

वर्कशॉप आता नियमानं चालू लागलं. रजेचे अर्जसुद्धा बदलले. "पट्ट्याला ताप आल्यामुळे" असा अर्ज आला तर मास्तर पट्टा एका माणसानं आखूड करून तास घेत. जोतीराम सोमवारचा उपास धरायचा, त्यामुळं सोमवारी व्होल्टेज कमी असे आणि त्या दिवशी फक्त हलका कट घ्यायचा असं ठरलं. खरं लेथ शेजारी मेणकापड पांघरून उभं असायचं. शिपाईबाई शांतम्मा रोज दोन्ही मशिनींची धूळ झटकायची. आधी लोखंडाची, मग मुलांची.

आणि मग शिक्षण खात्याचं तपासणीचं पत्र आलं. इराबत्ती नावाचे अधिकारी येणार, यंत्र चालू स्थितीत पाहणार आणि जागेवरच शेरा लिहिणार. तारीख बघून आबासाहेब हरखले, कारण त्या दिवशी खंडेनवमी होती. सोलापुरात त्या दिवशी हातमाग असो, शिवणयंत्र असो की न्हाव्याचा वस्तरा, कुणी हत्यार चालवत नाही. पूजा करायची आणि त्याला विसावा द्यायचा. यंत्र बंद का, असं साहेबांनी विचारलं की खंडेनवमी म्हणायचं, प्रश्न मिटला, असं त्यांनी मास्तरांना समजावलं. मास्तरांना ते पटलं नाही, पण दुसरं सुचेना.

सकाळी शांतम्मानं नव्या पेठेतून आणलेल्या झेंडूच्या माळा वर्कशॉपभर घातल्या. लेथला हळदकुंकू लागलं, व्हाइसला लागलं, हातोडीला लागलं. तिथून ती सरळ पुढं गेली आणि मोटर, पट्टा, गिअर, बेड करत बावीसही कपाळांना हळदकुंकू लावून मोकळी झाली. ते कुणाला वावगंही वाटलं नाही.

इराबत्ती साहेब बारा वाजता आले. बारीक अंगाचे, काखेत फाईल. त्यांनी मेणकापड उचललं, माळ बघितली आणि आबासाहेबांचं खंडेनवमीचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण मीटर कुठं आहे?"

आबासाहेब छताकडं बघू लागले. संगप्पा मास्तर पुढं झाले. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण समोर वर्ग उभा होता. त्यांनी दोन पत्रांची गोष्ट सांगितली, दुधीची सांगितली, आणि म्हणाले, "साहेब, हे मशीन बंद हाय. पण पोरांचं चालू हाय."

साहेबांनी फाईल टेबलावर ठेवली. "दाखवा."

मुलं आपापल्या जागी उभी राहिली. मास्तरांनी हात वर केला. "मोटर चालू."

जोतीरामनं पाय हलवला नाही. त्यानं चन्नम्माकडं बघितलं.

"सर," चन्नम्मा म्हणाली, "सकाळी आमची पूजा झालीया. आज आमाला चालता येत न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना वाटलं की आपण जरा वाईट शिकवलं असतं तर बरं झालं असतं. ते पोरीला म्हणाले की एकदाच, साहेबांसाठी. ती मान खाली घालून उभी राहिली. "तुमीच शिकवलं की सर, मशीनचा नेम मोडायचा न्हाय म्हणून." तिच्यामागं बेड ओणवा होता तसाच राहिला.

इराबत्ती साहेबांच्या घरी चार हातमाग होते, आणि लहानपणी खंडेनवमीला मागाचा नुसता धोटा हातात घेतला म्हणून त्यांनी आईचा मार खाल्ला होता. ते त्यांनी मास्तरांच्या कानाशी लागून सांगितलं आणि पट्ट्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बंद यंत्राशी बोलायला हरकत नाही ना?"

चन्नम्मानं विचार करून हरकत नाही म्हणून सांगितलं.

"तू घसरायला लागलास तर?" त्यांनी रामहरीला विचारलं.

"राळ लावत्यात. न्हायतर ताण वाढवायचा."

मग हत्याराला विचारलं, तुझं टोक कुठं हवं? हत्यार म्हणालं, जॉबच्या बरोबर मध्यावर. वर गेलं तर नुसतं घासतं, खाली गेलं तर जॉब अंगावर चढतो. गिअरनी दातांचा हिशेब सांगितला. बेडनं ओणव्यानंच सांगितलं की मी वाकडा असलो तर बाकीचे कितीही हुशार असून उपयोग नाही.

"आणि तुझी ताकद किती?"

"दोन हॉर्सपॉवर," जोतीराम म्हणाला. "सोमवारी एक."

साहेबांनी उभ्या उभ्या शेरा लिहिला: यंत्र उत्तम स्थितीत. सर्व भाग जागेवर. खंडेनवमीमुळे बंद. मान्यता द्यावी. मग चपला काढून त्यांनी आधी लेथला आणि नंतर मुलांच्या रांगेला हात जोडले. जाताना त्यांनी आबासाहेबांच्या पत्नीनं केलेली दुधीची भाजीही खाल्ली.

दिवाळीनंतर थ्री फेज आली. संगप्पा मास्तरांनी बटण दाबलं आणि खरं लेथ फिरू लागलं. मुलं रांगेत उभी राहून बघत होती. फिरणाऱ्या चककडं बघताना चन्नम्मानं नकळत भिंतीचा आधार घेतला. मास्तरांनी पहिला कट घ्यायला हत्यार पुढं सरकवलं, तेवढ्यात रामहरीनं हात वर केला.

"सर, पट्टा घसरतोय."

मास्तरांनी कान लावला. त्यांच्या निम्म्या कानांना काहीच वेगळं ऐकू येईना. तरी त्यांनी मशीन बंद केलं आणि पट्ट्यावर बोट दाबून बघितलं. ढिला होता, अगदी सूतभर.

"तुला कसं कळलं रे?"

रामहरीनं कंबर चोळली. "मोटर वढतीया आन् ह्यो मागं ऱ्हातोय. मला म्हाईत हाय की, कसं हुतं ते."

मास्तरांनी राळेचा डबा त्याच्या हातात दिला.