हाताला लाईट

उसाला पाणी देता देता गेणबाच्या अंगावरून वारं गेलं. पाय यथावकाश जाग्यावर आला, तोंड सरळ झालं, आणि बोलणं तर असं परत आलं की कुशाबाई म्हणायची, थोडं कमी आलं असतं तरी चाललं असतं. राहिला तो डावा हात. त्याला गेणबानं नावच पाडलं होतं, लाकूड. "लाकूड जरा सरकव तिकडं," असं बायकोला सांगायचा आणि स्वतः दुसरीकडं बघायचा.

बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज तेल चोळा, बोटं उघडा-मिटा. अंगाला वळण लागायचे हेच दिवस, नंतर जे राहील ते राहील. कुशाबाई रोज करडईचं तेल वाटीत कोमट करून आणायची. "लाकडाला तेल चोळून पालवी फुटती व्हय?" गेणबाचं ठरलेलं उत्तर. मग ते तेल फोडणीला जायचं आणि त्या दिवशीचं कालवण कुशाबाईला गोड लागायचं नाही.

गिअर डाव्या हाताचा, म्हणून गाडीही शेडात उभी. ज्या पांढऱ्या मारुतीतून त्यानं अर्ध्या कळस गावच्या लेकीसुना बाळंतपणाला इंदापूरला पोचवल्या, तिच्या टपावर आता कोंबड्या बसत.

नातीनं, श्रेयानं, नुकतंच लायसन काढलं होतं. एका संध्याकाळी ती मोबाईलवरून मागवलेलं एक खोकं घेऊन शेडात शिरली. मागोमाग गेणबा काठी टेकत आला, त्याच्यामागं कुशाबाई.

"काय गं ह्ये?"

"गिअरची मूठ, आबा. हात लावला की उजेड पडतो तिच्यात. स्वस्तात मिळाली."

"हाय की मूठ तिला."

"तिच्यावरचे आकडेसुद्धा गेलेत."

आकडे गेणबाच्याच तळहातानं पुसले होते. श्रेयानं जुनी मूठ फिरवून काढली तेव्हा आपलाच दात उपटल्यासारखं त्याला वाटलं. नवीचे आटे काही दांड्याला जुळेनात. मग पोरीनं खोक्यातली प्लॅस्टिकची नळी आत सरकवली आणि बारके स्क्रू आवळायला घेतले. एक स्क्रू खाली पडला, तो कोंबडीनं दाणा म्हणून उचललाच होता, कुशाबाईनं तिच्या चोचीतून सोडवला.

"गाडीला गिअर चार, आन् हिच्यावर आकडे पाच!" गेणबानं खोड काढली.

"पाचवा तुमच्या जिभंचा," कुशाबाई म्हणाली.

श्रेयानं मुठीवर बोट ठेवलं. निळा उजेड पेटला. बोट काढलं, गेला. गेणबाचं हसू मावळलं. तो ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.

"हिला कसं कळतं गं?"

"आपल्या अंगात बारीकसा करंट असतो, आबा. तो कळतो तिला."

म्हणजे टेस्टर! गेणबाच्या डोक्यात लख्ख झालं. उभा जन्म त्यानं विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत टेस्टर लावून बघितला होता. दिवा लागला तर तारेत लाईट, नाही लागला तर तार मेलेली. माणूस खोटं बोलेल, वायरमन तर बोलेलच, टेस्टर बोलत नाही.

त्यानं आधी काठीचं टोक मुठीला लावलं. अंधार. मग तो थांबला. नाहीच लागला तर? मग तेल नको, डॉक्टर नको, काहीच नको.

"जा गं, कोंबड्या कोंड," तो बायकोला म्हणाला. ती हलली नाही.

उजव्या हातानं त्यानं डाव्याचं मनगट धरून उचललं आणि मुठीवर ठेवलं. बोटं लोंबली. नंतर तळहात हळूच टेकला.

आणि उजेड पडला. बोटांच्या फटींतून निळा निळा वर आला. कोयत्याचा जुना वण दिसला, वाढलेली नखं दिसली. किती दिवसांनी बघत होता तो आपला हात! हात काढला, अंधार. ठेवला, उजेड. पुन्हा काठी लावली, अंधार.

"लाकडाला लागत न्हाय," तो पुटपुटला.

"तसं न्हाय आबा," श्रेया चाचरली, "ती कुणाच्याबी हाताला लागते."

"हाताला लागती न्हवं?" गेणबा तिच्याकडं वळला. "मंग हात हाय ह्यो."

कुशाबाईनं पदर तोंडाला लावला. त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि मुद्दाम खेकसला, "बघत काय ऱ्हायलीस? तेल कुठं हाय?"

"सकाळीच फोडणीला गेलं की."

"मंग दुसरं आण. हितंच आण."

ती चपला न घालताच घराकडं पळाली. ती वाटी घेऊन येईपर्यंत गेणबानं मुठीवरचा हात काढला नाही.