पेटीखालचा चौरंग

या बालमित्रांनो, जवळ या. चपला दाराबाहेर काढल्या असतील तर सतरंजीवर आणखी थोडं पुढे सरका. कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन रंग असतात. मी तर नावाचाच चौरंग! तेव्हा माझी कथा ऐकून तुम्ही कोरडे परत जाणार नाही, हा माझा शब्द.

मी एक जुना चौरंग आहे. जन्म जयपूरचा, संस्कार मराठी. तिथल्या तिलक नगरात आमच्या मराठी मंडळाचं छोटं सभागृह आहे, तिथे मी राहतो. रेल्वेच्या नोकरीत बडनेऱ्याहून बदली होऊन आलेले गजाननराव इथे कीर्तनाला पेटी वाजवत. ते ताडमाड उंच. जमिनीवर ठेवलेली पेटी वाजवताना त्यांची कंबर धरायची. म्हणून त्यांनी भंवरजी सुताराकडून मला शिसवी लाकडात, चांगलं फूटभर उंच करून घेतलं.

“इस पर कौन बैठेगा?” रंधा थांबवून भंवरजींनी विचारलं.

“सूर बैठेंगे,” गजाननराव म्हणाले.

तसंच झालं. भाद्रपदात माझ्यावर गणपती बसे, एरवी पेटी. बुवा नारदाच्या गादीला नमस्कार करून उभे राहिले की गजाननराव सूर धरत आणि माझ्या चारही पायांत तो सूर उतरे.

मग विधानसभेची निवडणूक आली. आमचं सभागृह मतदान केंद्र झालं. आदल्या संध्याकाळी आलेल्या निवडणुकीच्या साहेबांनी विचारलं, “भाईसाहब, पेटी कहाँ रखेंगे?”

गजाननरावांनी मोठ्या उत्साहाने आपली बाजाची पेटी आणून माझ्यावर ठेवली. “काळी दोनची आहे, साहब. एकदम सुरेल!”

साहेब हसता हसता खाली बसले. “इसमें तो वोट गाकर देना पड़ेगा!”

त्या दिवसापासून मी दोन्ही पेट्यांचा झालो. लोखंडी मतपेटी जड आणि खडबडीत. तिच्या कडांचे वण अजून माझ्या अंगावर आहेत.

गजाननरावांची पत्नी मधुमतीबाई. ठेंगणीठुसकी, नवऱ्याच्या खांद्यालाही पोचायची नाही. गजाननराव सभागृहाच्या दारातच तिला बजावत, “मी सांगून राहिलो त्याच चिन्हावर शिक्का मार बरं का!” ती मान डोलवायची, पडद्याआड जायची, घडी घातलेला कागद पेटीत टाकायची. बाहेर आल्यावर ते विचारत, “कोणाले देलं वो?”

“पेटीले विचारा,” ती म्हणायची.

मित्रांनो, किती निवडणुका आल्या आणि गेल्या! ज्याच्या गळ्यात लोकांनी हार घातले, त्यालाच पाच वर्षांनी घरी बसवलं. एकदा आमदार मध्येच वारले, म्हणून पोटनिवडणूक झाली. एकदा इतक्या थोड्या मतांनी निकाल लागला, की मोजणी पुन्हा करावी लागली. पुढे सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि आमची गल्ली दुसऱ्याच मतदारसंघात गेली. मी कोपऱ्यातून तसूभर हललो नव्हतो! गजाननराव म्हणाले, “माझी बदली झाली तेव्हा निदान सामान तरी बांधलं होतं.”

दर वेळी त्यांचा तोच प्रश्न आणि मधुमतीबाईंचं तेच उत्तर. सगळ्या आयुष्यात तिने नवऱ्यापासून एवढी एकच गोष्ट राखून ठेवली.

मग मतदान यंत्रं आली. ती टेबलावर ठेवतात. मतपेटी गेली. काही वर्षांनी गजाननराव गेले, त्यांची पेटीही मुकी झाली. मला मागच्या खोलीत टाकलं. माझ्यावर रंगाचे डबे आणि फुटकी बादली. मला राग नाही आला, नुसतं ऐकू येईनासं झाल्यासारखं वाटलं.

परवाच्या निवडणुकीत अर्ध्या उघड्या दारातून मला मधुमतीबाई दिसल्या. पाठीत पार वाकलेल्या. टेबल उंच, यंत्रावरची चिन्हं त्यांना दिसेनात. केंद्राध्यक्ष मॅडम म्हणाल्या, “अम्माजी, बेटे को साथ ले लीजिए, वह बटन दबा देगा.”

रांगेत उभा असलेला त्यांचा मुलगा निमिष पुढे झाला. “हो आई, मतलब, तू फक्त सांग, मी दाबतो.”

मधुमतीबाईंचा चेहरा उतरला. “तुझ्या बापाले नाही सांगितलं कधी, तुले सांगू?”

निमिष गोंधळला. इकडेतिकडे पाहता पाहता त्याला मी दिसलो. बादली बाजूला सारून त्याने मला टेबलाशी आणून ठेवलं. मी आनंदलो. पण मधुमतीबाई झटकन मागे सरल्या.

“यावर पाय ठेवू? यावर गणपती बसायचा रे! यांची पेटी बसायची!”

“आई, लाकूड आहे ते.”

“लाकूड म्हणे! तुझ्या बापाचा अर्धा जीव होता त्यात.”

मागून कुणीतरी ओरडलं, “अम्माजी, पूजा बाद में कर लेना!”

मला वाटलं, ही आता परत जाणार. माझ्यामुळेच हिचं मत राहणार. पाय असून मला स्वतःहून पुढे होता येईना.

त्या खाली बसल्या. पदराने माझ्यावरची धूळ पुसली. बोटं लोखंडी पेटीच्या वणांवर थांबली. मग स्वतःशीच म्हणाल्या, “बुवा तरी काय करतात? नारदाच्या गादीले नमस्कार करतात आणि तिच्यावरच उभे राहतात.”

त्यांनी माझ्यावर कपाळ टेकलं, आणि मग एकेक पाऊल ठेवून वर चढल्या. चिमणीएवढं वजन. यंत्राने लांब शीळ घातली.

बाहेर पडताना निमिषने विचारलंच, “आई, कुणाला दिलंस?”

“चौरंगाले विचार.”

मला ठाऊक आहे, मित्रांनो. टाचा उचलल्या की नाही, भार कोणत्या पायावर गेला, त्यावरून बटण वरचं दाबलं की खालचं, ते मला कळलं. पण मी सांगणार नाही.

आता मला पुसून पुन्हा सभागृहात ठेवलं आहे. घरातल्या जुन्या वस्तूंवर बादल्या ठेवू नका रे. त्या ऐकत असतात. आणि तुम्ही मोठे व्हाल, पहिल्यांदा मत द्यायला पडद्याआड जाल, तेव्हा क्षणभर आमच्या मधुमतीबाईंची आठवण काढा.