जावयाची बिअर

वालबुर्गाला जावयाचा संशय आला तो हंसांमुळे.

शेजारची बाबेट आपला हंस काखेत मारूनच दारात उभी राहिली. हंसाची मान लोंबत होती आणि डोळे अर्धे मिटले होते.

"अगं बुर्गल, तुझ्या कोठारामागे माझ्या हंसांनी काय खाल्लं? सगळे लोळतायत. हा तर भिंतीला टेकून गात होता!"

"थंडी बाधली असेल."

"थंडीनं मरतात बाई, गात नाहीत." बाबेटनं हंस पुढे धरला. "वास घे याचा."

वास बिअरचा होता. वालबुर्गानं काहीबाही सांगून बाबेटला वाटेला लावलं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

फाल्केनरॉइथ गावात बिअर हा कुणाचा खासगी मामला नव्हता. भट्टी गावाची. हक्काची घरं पाळीपाळीनं तिथल्या कढईत बिअर शिजवत, आपापल्या तळघरात मुरवत आणि तयार झाली की दारावर लाकडी चांदणी टांगत. चांदणी दिसली की त्या संध्याकाळी गाव त्या घरी. बिअरमध्ये मोड आणलेल्या बार्लीचा माल्ट, हॉप्सची कडू फुलं, पाणी आणि यीस्ट एवढंच घालायचं. पाचवी वस्तू घातलेली सापडली, तर त्या घराची चांदणी कायमची उतरे. वालबुर्गाच्या लहानपणी एका घराची उतरली होती, आणि त्या घरच्या पोरींना अजून गावात कुणी नीट विचारत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तिचा नवरा सिक्स्टस गेला आणि घराची पाळी जावयाकडे आली. आर्नो परक्या मुलखातला, सॅक्सनीचा, हडकुळा आणि घुम्या. गावानं नाक मुरडलं. सॅक्सन माणूस बिअर शिजवणार, मग उद्या मांजर दुधाची राखण करेल! वालबुर्गा वरवर त्याची बाजू घेई. आतून तिलाही तेच वाटत होतं.

त्यात त्याचे एकेक चाळे. त्या हिवाळ्यात अशी थंडी पडली होती की विहिरीचा रहाट गोठला. सगळं गाव पिंपांना पेंढा गुंडाळत होतं. यानं मात्र ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत प्यायची कडक बिअर तळघरातून वर कोठारात आणली, उत्तरेचं दार सताड उघडं टाकलं आणि अंगणाकडच्या दाराला कुलूप ठोकलं. त्याआधी त्याच्या भावाकडून पेंढ्यात गुंडाळलेली एक जड पेटी आली होती. भाऊ सॅक्सनीत बटाट्याची दारू गाळतो, हे वालबुर्गा विसरली नव्हती.

"पेटीत काय आहे हो, जावईबापू?" तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

"भांडंकुंडं." एवढं बोलून स्वारी कोठारात.

तिनं मुलीला विचारलं. ओटीली म्हणाली, "आई, मला काही सांगत नाहीत. पण वाईट काही करणार नाहीत ते."

"तुझ्या डोळ्यांवर पट्टी आहे," वालबुर्गा म्हणाली.

पहाटे खिडकीतून तिनं पाहिलं. आर्नो कोठारातून बादल्या भरभरून मागच्या बाजूला ओतून येत होता. म्हणजे बिअर फेकतोय! फेकतोय, तर त्या जागी काय भरतोय? उत्तरासाठी तिला कुणाला विचारायची गरज वाटली नाही.

तो लाकडं आणायला गेला तशी तिनं जुन्या किल्लीनं कुलूप काढलं. पिंप टकटकवलं. निम्म्याहून जास्त रिकामं. कपभर काढून ती प्यायली. काळी, दाट, मनुकांसारखी गोड बिअर घशाखाली गेली आणि मागून असा जाळ उठला की डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घोट घेतल्यावर गुडघे आपले वाटेनात. बिअर अशी नसते. जन्मभर प्यायलेल्या बाईला एवढं कळत होतं.

ती तशीच भट्टीवरच्या वेन्झलकडे गेली. भट्टीची किल्ली आणि गावाचा शब्द दोन्ही त्याच्याच हातात. बाटलीतून आणलेला नमुना त्यानं जिभेवर घोळवला आणि भुवया वर नेल्या.

"आपल्या उपवासाच्या कडक बिअरमध्ये शंभरात आठ भाग दारू असते बुर्गल, फार तर नऊ. यीस्टला कितीही माल्ट खाऊ घाल, बाराच्या आसपास ते आपल्याच दारूत झिंगून आडवं होतं. ही त्याच्या दुप्पट असेल. हे काम एकट्या यीस्टचं नव्हे."

"पिंप फोडायच्या दिवशी गावाला कळलं तर?"

"चांदणी जाईल. पण घरानं आधीच तक्रार केली, तर शिजवणारा जाईल, चांदणी राहील. करतेस तक्रार?"

सिक्स्टसनं चाळीस वर्षं त्या चांदणीला दरवर्षी तेल पाजलं होतं. वालबुर्गाला पोटच्या पोरीचा चेहरा दिसला, मग चांदणी दिसली. "करते," ती म्हणाली. "पण माझं नाव घेऊ नकोस."

रविवारी प्रार्थनेनंतर भट्टीच्या खोलीत सगळी घरं जमली. वेन्झलनं जुनी रीत काढली. बाकावर बिअर ओतायची, कातडी विजार घालून तिच्यावर बसायचं, आणि दुपारची घंटा होईपर्यंत हलायचं नाही.

"माल्टचा गोडवा सच्चा असेल तर तो विजारीला धरून ठेवतो," वेन्झल म्हणाला. "वरून ओतलेल्या दारूला चिकटायची अक्कल नसते. ज्याची बिअर, त्याचंच बूड! बस, आर्नो."

"माझ्याकडे कातडी विजार नाही," आर्नो म्हणाला.

लोक हसले. रीतीप्रमाणे विजार घरानं द्यायची. वालबुर्गाला घरी जाऊन सिक्स्टसची विजार आणावी लागली. सिक्स्टस म्हणजे कणगी. त्या विजारीत आर्नो दोनदा मावला असता. पट्टे खांद्यावर अडकवून तो बसला. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती, तो मात्र वालबुर्गाकडे बघत होता. तिनं मान फिरवली.

"पेटीत काय होतं, सांगून टाक की," बाबेट म्हणाली.

"लोखंडी झारा. बर्फ काढायचा." आर्नो पहिल्यांदाच सलग बोलला. "पाणी गोठतं, दारू गोठत नाही. बर्फ काढून फेकला की उरलेली कडक होते. पुन्हा गोठवायची, पुन्हा काढायचा. यीस्ट थकतं तिथून पुढचं काम थंडी करते. आमच्या गावचा एक म्हातारा करायचा."

"म्हणजे माझ्या हंसांनी तो बर्फ खाल्ला?"

"चुकून राहिलेल्या बिअरसकट. माफ करा."

"आणि हे घरी सांगायला काय झालं होतं?" वेन्झलनं दरडावलं.

"सांगितलं असतं की निम्मी बिअर बर्फ म्हणून फेकतोय, तर सासूबाईंनी तंगडं मोडलं असतं."

वालबुर्गाला ते खरं वाटलं, आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवायची भीती वाटली. बोलायला काय, सॅक्सन माणूस काहीही बोलेल. बाकच सांगेल काय ते.

घंटा झाली.

"ऊठ," वेन्झल म्हणाला.

आर्नोनं जोर लावला. हलेना. पुन्हा लावला, तसे खांद्यावरचे पट्टे घसरले आणि तो उठला तो नुसत्या लांब तांबड्या चड्डीवर. सिक्स्टसची विजार बाकाला चिकटून तशीच बसलेली, जणू म्हातारा पिऊन टेकलाय. खोलीचं छप्पर उडतंय की काय असं हसू फुटलं. हसता हसता बाबेटला उचकी लागली. वालबुर्गाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते हसण्याचं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"पण तक्रार केली कुणी?" मागून कुणीतरी ओरडलं.

वेन्झल वालबुर्गाकडे न बघता हातातली भट्टीची किल्ली फिरवत राहिला. आर्नो चड्डीवर उभा होता. कोठाराच्या कुलपाशी बर्फात उमटलेली बुटांची नक्षी त्यानं ओळखली होती, आणि पिंपाजवळच्या कपाला लागलेला ओठांचा माग कुणाचा, तेही त्याला ठाऊक होतं.

"मीच," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा गावासमोर होऊन जाऊ दे."

त्या संध्याकाळी चांदणी दारावर लागली. गाव आलं, छोट्या छोट्या पेल्यांतून प्यायलं आणि भिंती धरून घरी गेलं. सगळे गेल्यावर वालबुर्गा कोमट पाण्यानं सोडवून आणलेली विजार मांडीवर घेऊन बसली आणि तिनं कमरेची शिवण उसवली. आर्नो दारात थबकला.

"हे काय करताय? सासऱ्यांची आठवण आहे ती."

"इकडे ये, माप दे." तिनं दोरी त्याच्या कमरेभोवती घातली आणि करकचून ओढली. "पुढच्या वर्षी पुन्हा बसायचंय तुला. गावासमोर चड्डीवर उभा राहिलास, माझ्या घराची लाज गेली."

ती सुई ओवू लागली. दोरा भोकात जाईना, तेव्हा त्यानं मुकाट्यानं सुई घेतली आणि ओवून दिली.